चित्राची पारख : एचडी रेकॉर्डरवरील चित्र कसे पाहावे?

दूरचित्रवाणीवरचे चित्र चांगले की वाईट हे ठरविण्यास शास्त्र कशाला हवे, असे कला शाखेच्या वाचकास वाटणे साहजिक आहे. डोळे सर्वांनाच आहेत. तथापि आमच्या कळसाडीत (जि. नंदुरबार) ह्याच प्रश्नावरून दोन घरांत जो वाद झाला, तो ऐकल्यावर हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही असे माझ्या ध्यानात आले. एका घरी महिना पैसे भरून चालणारी एचडी पेटी आहे. तिच्या पोटात डिस्क असून हवा तो कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवता येतो. दुसऱ्या घरी डीडी फ्री डिशची छत्री आहे. तिच्या साध्या पेटीत पेन ड्राइव्ह खोचला की तीही रेकॉर्डिंग करते. पहिल्या घरचे म्हणत, “आमचं चित्र एचडी आहे, विषयच नाही.” दुसऱ्या घरचे म्हणत, “आमच्या टीव्हीवर रंग बघा, तुमचं फिक्कट दिसतं.” दोन्ही घरी जाऊन मी पाहिले. पहिल्या घरी पेटी एचडी, टीव्हीही एचडी. परंतु दोहोंच्या मध्ये पिवळी-लाल-पांढरी वायर होती. दुसऱ्या घरी टीव्हीचा रंग आणि शार्पनेस दोन्ही शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेले होते. एवंच, दोघेही ज्याबद्दल भांडत होते ते चित्र त्यांच्या समोर नव्हतेच.

प्रस्तुत लेख ह्या वादाच्या निमित्ताने लिहीत आहे, पण त्याचे खरे कारण निराळे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने परिसरातील होळी, लग्नगीते आणि वृद्धांच्या मुलाखती चित्रित करून ठेवण्याचे मनात घेतले आहे. भिली, पावरी, अहिराणी, गुजरी ह्या बोलींतले पुष्कळसे धन अजून तोंडातोंडीच आहे, म्हणून हे काम मोलाचे आहे. परंतु काय ठेवले म्हणजे ‘ठेवले’ असे म्हणावयाचे? चित्र घेतले आणि त्यात नाचणाऱ्याचे पाऊलच दिसत नसेल, तर पन्नास वर्षांनंतर पाहणाऱ्याला आपण काय दिले? त्यासाठी चित्राची पारख आपणांस आली पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण देशभर १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिन व आशियाई खेळांच्या सुमारास आले. त्या काळच्या चित्रात ६२५ ओळी असत. त्यांपैकी ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या. त्या चित्राचे दोष सर्वांच्या ओळखीचे होते व त्यांना लोकांनी दिलेली नावेही झकास होती. सिग्नल अशक्त झाला की ‘मुंग्या’ येत. डोंगरावर आपटून तोच सिग्नल दुसऱ्यांदा आला की माणसाच्या शेजारी त्याचे ‘भूत’ उभे राही. मग कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि खालून बाकीचे “आला, आला, गेला!” असे ओरडत. दोष हळूहळू वाढत, आणि मुख्य म्हणजे ते दिसत. मुंग्या पाहून कोणी कधी ‘चित्र छान आहे’ असे म्हटले नाही.

डिजिटल चित्राचे दोष असे प्रामाणिक नाहीत. ह्याचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल; वाचकांनी घाबरू नये, गुणाकाराच्या पलीकडे काही नाही.

पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. जुन्या साध्या दर्जाच्या डिजिटल चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. एचडीच्या बरोबर एकपंचमांश. प्रत्येक ठिपक्याची उजेड-रंगाची नोंद, दूरचित्रवाणीच्या नेहमीच्या पद्धतीने, सरासरी १२ बिटांची धरली आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे ६२ कोटी २० लाख बिट होतात. एवढा ऐवज उपग्रहावरून घरोघर पाठविणे परवडणार नाही. प्रत्यक्षात एचडी वाहिनीला सेकंदाला ८० लाख बिट, म्हणजे ८ मेगाबिट, मिळाले तर ती वाहिनी सुखी म्हणावयाची. म्हणजे अठ्ठ्याहत्तर भागांतला एक भाग आपल्या घरी येतो, उरलेले सत्त्याहत्तर वाटेत टाकून दिलेले असतात. आणि तरीही चित्र चांगले दिसते! हा चमत्कार कसा घडतो, हे कळल्याशिवाय तो कोठे फसतो हे कळणार नाही.

ह्या चमत्कारामागे मूळचा बंगळुरूचा एक अभियंता आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. नासिर अहमद हे अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवीत असताना १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती रूपांतराची कल्पना मांडली व तिच्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. अनुदान नाकारले गेले. त्यांनी काम सोडले नाही, टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज मोबाइलवरचे छायाचित्र असो की छत्रीवरची मालिका, त्या रूपांतराची अथवा त्याच्या सुधारित रूपाची मदत घेतल्यावाचून बहुधा काहीच हलत नाही.

कल्पना अशी. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच. चौकोनातल्या ६४ ठिपक्यांची सुटी नोंद करण्याऐवजी तेथे सरासरी उजेड किती, त्यावर मोठ्या लाटा किती, बारीक लाटा किती अशी नोंद करावयाची. भिंत, आकाश, गाल अशा ठिकाणी बारीक लाटा जवळजवळ नसतातच. जेथे असतात तेथेही माणसाचा डोळा त्यांच्याबाबत बेफिकीर असतो. म्हणून त्या आधी टाकावयाच्या. धान्य पाखडताना फोल उडते आणि दाणा सुपात राहतो, तसाच हा प्रकार. फक्त वारा फार झाला तर बारीक दाणाही उडतो. ह्याला जोड म्हणून दुसरी युक्ती असते : प्रत्येक चित्र पुरते पाठवावयाचे नाही. मागच्या चित्रातला कोणता भाग कोठे सरकला एवढेच कळवावयाचे, आणि अधूनमधून एखादे चित्र पूर्ण पाठवावयाचे.

आता वाचकांच्या लक्षात येईल की, बातम्या देणारी बाई खुर्चीवर बसून बोलत असेल तर ह्या पद्धतीला काहीच कष्ट नाहीत. ओठ हलतात, पापण्या हलतात, बाकी सारे कालचेच. पण काठीच्या होळीचा नाच घ्या. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आपल्या जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगावर राखेचे ठिपके, गळ्यात मण्यांच्या माळा, कमरेला घुंगरू आणि दुधी भोपळे. शेकडो माणसे एकाच वेळी निरनिराळ्या दिशांनी हलतात, पायांखालून धूळ उठते, मागे ज्वाळा आणि धूर. ह्यात ‘कालचे’ असे काहीच नाही. प्रत्येक पीस बारीक लाट आहे व प्रत्येक पीस हलते आहे. आणि सेकंदाला मिळणारे बिट तर ठरलेले. मग यंत्राने काय करावे? ते हातचे सोडत जाते.

येथे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. जुन्या एमपेग-२ पद्धतीत बिट कमी पडले की ते चौकोन उघडे पडतात. आमच्याकडे त्याला ‘डबे पडले’ म्हणतात. फ्री डिशच्या पुष्कळशा वाहिन्या ह्या पद्धतीच्या असल्याने आमच्या गावाला डबे चांगले परिचित आहेत. एचडी पेट्यांत वापरली जाणारी एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात चौकोनांच्या कडा घासून गुळगुळीत करणारी गाळणी बसविलेली आहे. त्यामुळे बिट कमी पडले तरी डबे सहसा दिसत नाहीत. त्याऐवजी चित्र मेणासारखे होते. गालावरच्या सुरकुत्या जातात, गवताचे हिरवे फडके होते, मातीची ढेकळे विरघळतात. पाहणारा म्हणतो, “वा, एकही डबा नाही, किती स्वच्छ!” तो चुकत नाही, चित्र स्वच्छ आहेच. पण ते स्वच्छ आहे कारण त्यातले काहीतरी पुसले गेले आहे. मुंग्या दिसत असत, डबे दिसत असत. हा दोष मात्र न दिसणारा आहे. म्हणून एचडी चित्राची पारख करणाऱ्याने, पडद्यावर वाईट काय आहे एवढेच शोधून भागत नाही. तेथे असावयास हवे होते ते काय नाही, हे शोधावे लागते. आणि ते मूळ वस्तू ओळखणाऱ्यालाच जमते. मोरपीस हातात धरून पाहिलेल्या माणसाला त्याच्या डोळ्यातला निळा, हिरवा व तपकिरी असा क्रम ठाऊक असतो. शहरातल्या तंत्रज्ञाला तो फक्त निळसर डाग वाटून जाईल. ह्या बाबतीत आम्हा खेड्यातल्या मुलांना थोडी आघाडी आहे, असे म्हटल्यास आत्मस्तुती होऊ नये.

पारख करण्यापूर्वी काही अडसर दूर केले पाहिजेत. पहिला अडसर वायरीचा, जो वर आलाच आहे. पिवळ्या टोकाची वायर जुन्या ५७६ ओळींच्या चित्रापुरतीच आहे. तिच्यातून एचडी जात नाही, मग पेटीवर कितीही मोठ्या अक्षरांत ‘एचडी’ लिहिलेले असो. त्यासाठी एचडीएमआय वायर हवी. दुसरा अडसर टीव्हीच्या स्वतःच्या करामतींचा. दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या संचांत आपला उठून दिसावा म्हणून ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ नावाची भडक मांडणी केलेली असते, ती घरी तशीच राहते. शार्पनेस वाढविला की चित्रात नवा तपशील येतो असे लोकांस वाटते. तसे होत नाही. यंत्र फक्त कडांभोवती पांढरी रेघ ओढते. कडुनिंबाच्या फांदीभोवती आकाशात पांढरी किनार दिसली की समजावे, हे टीव्हीचे देणे आहे, रेकॉर्डरचे नव्हे.

तिसरा अडसर अंतराचा, आणि तो फार गमतीचा आहे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक भेद ओळखतो. त्यावरून हिशेब केला तर १०८० ओळींचे चित्र पुरते पाहण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे ३.२ पट अंतरावर बसावे लागते. ५७६ ओळींसाठी हेच अंतर सुमारे ६ पट भरते. ३२ इंची संचाची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. म्हणजे एचडीचा पुरता लाभ हवा तर सव्वाचार फुटांवर बसा. आणि आठ फुटांपलीकडे बसलात तर साधे व एचडी ह्यांतला बारकाव्याचा भेद डोळ्याला उरतच नाही. आमच्या ओसरीत टीव्हीपासून बाकापर्यंत दहा-अकरा फूट आहेत. तेथून एचडीचे कौतुक करणारा मनुष्य बहुधा रंगांचे किंवा बिलाचे कौतुक करीत असतो. मेणचटपणा मात्र एवढ्या अंतरावरूनही जाणवू शकतो, कारण तो एका ठिपक्यापुरता नसून मोठ्या भागावर पसरलेला असतो. म्हणूनच भरपूर बिट मिळालेले साधे चित्र हे उपाशी ठेवलेल्या एचडी चित्रापेक्षा दुरून चांगले दिसू शकते.

आता रेकॉर्डरचा स्वतःचा दोष किती? छत्रीच्या पेटीपुरते उत्तर सरळ आहे : जवळजवळ नाहीच. कॅसेटच्या जमान्यात टीव्हीवरून कॅसेटवर घेतले की चित्र उतरे, आणि कॅसेटवरून कॅसेटवर घेतले की आणखी उतरे. छत्रीची डिजिटल पेटी मात्र उपग्रहाकडून आलेले बिट जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवते. तेव्हा चालू कार्यक्रम आणि त्याचेच रेकॉर्डिंग ह्यांत फरक दिसला, तर तो पाहणाऱ्याच्या मनाचा तरी असतो किंवा बसण्याच्या जागेचा तरी. अपवाद पावसाचा. आषाढात ढग दाटले की छत्रीचा सिग्नल तुटतो व चित्र मध्येच थिजते. त्याच वेळी रेकॉर्डिंग चालू असेल तर तो पाऊस कायमचा डिस्कवर जातो; मग वैशाखात पाहिले तरी चित्र तेथेच थिजणार.

ज्या रेकॉर्डरमध्ये स्वतःचा कॅमेरा जोडतात, त्याची गोष्ट वेगळी. तेथे दाबून बारीक करण्याचे काम रेकॉर्डरच करतो आणि किती दाबावयाचे हे आपण ठरवितो. यादीत ‘१०८०’ निवडून माणूस निर्धास्त होतो, पण त्याच यादीत खाली बिटांचा आकडा असतो व तो सहसा कोणी उघडत नाही. डिस्क लवकर भरू नये म्हणून तो आकडा कमी ठेवलेला आढळतो. ओळी १०८० आणि बिट दोन मेगाबिट, म्हणजे मोठ्या ताटात एक भाकरी.

आपल्या पाहण्याला शिस्त कशी लावावी ह्याचा विचारही जगात झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची ‘बीटी ५००’ नावाची शिफारस १९७४ पासून आहे व ती वेळोवेळी सुधारली जाते. तिच्यात पाच पायऱ्या आहेत : उत्कृष्ट, चांगले, बरे, निकृष्ट, वाईट. पाहणारे किमान पंधरा असावेत, ते ह्या धंद्यातले नसावेत, आणि कोणते चित्र मूळ व कोणते दाबलेले हे त्यांना सांगू नये. मला ह्यातली शेवटची अट फार आवडली. ‘हे एचडी आहे’ असे आधी सांगितले की डोळा कानाचे ऐकतो.

होळीच्या नाचाचे चित्रण लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका मित्राकडे होते. ते सेकंदाला २४ मेगाबिटांचे होते. त्यातला पाच मिनिटांचा तुकडा आणि एका वृद्ध पुजाऱ्याच्या बोलण्याचा तेवढाच तुकडा घेऊन त्याच्या संगणकावर दोहोंच्या १२, ६ व ३ मेगाबिटांच्या प्रती केल्या. घरच्या व शेजारच्या मंडळींना त्या चिठ्ठ्या टाकून येईल त्या क्रमाने दाखविल्या. टीव्हीची मांडणी साधी ठेवली, अंतर पाच फूट, खिडकी बंद. पंधरा माणसे काही जमली नाहीत, आणि दोन काका मध्येच चहाला उठले. त्यामुळे हा प्रयोग पुरावा म्हणून कोणी घेऊ नये. परंतु जे दिसले ते सांगण्यासारखे आहे.

पुजाऱ्याच्या बोलण्यात २४, १२ व ६ ह्यांतला फरक कोणालाच सांगता आला नाही. ३ मेगाबिटांना त्याच्या पांढऱ्या दाढीचे केस एकमेकांत चिकटले, पण तेही दाखवून दिल्यावरच पटले. नाचाचे तसे झाले नाही. १२ पर्यंत ठीक होते. ६ ला मोरपिसांतले डोळे गेले आणि टोप हा एक निळसर पुंजका झाला. ३ ला मण्यांच्या माळा छातीवरच्या राखेत मिसळल्या व पायांच्या जागी धुळीचा एक गोळा राहिला. माझ्या आजीने त्या वेळी जे म्हटले ते कोणत्याही पायरीत बसत नाही. ती म्हणाली, “हा नाचत नाहीये, हा वाहत चाललाय.” पाऊल जमिनीला टेकते तो क्षणच चित्रातून गेला होता. नाचाचा अभ्यास करणाऱ्यास ह्याहून मोठी हानी ती कोणती?

अशा तुकड्यांत आणखी तीन गोष्टी पाहावयास मी शिकलो. एक म्हणजे श्वास. अधूनमधून पूर्ण चित्र येते म्हणून सांगितले. बिट कमी असतील तर त्या पूर्ण चित्राच्या वेळी जमिनीचा पोत लख्ख दिसतो, मग मावळत जातो, पुन्हा लख्ख होतो. नांगरलेले शेत श्वास घेत असल्यासारखे दिसते. स्थिर कॅमेऱ्यासमोरच्या मातीकडे दहा सेकंद टक लावून पाहिले तर हे कळते. दुसरी गोष्ट पहाटेच्या आकाशाची. काळ्यापासून तांबूस निळ्यापर्यंत जाणारा उजेड सलग न दिसता त्याच्या पायऱ्या पडतात. आठ बिटांच्या चित्रात उजेडाच्या पायऱ्या मुळातच सव्वादोनशेच्या आत असतात; त्यांतल्याही काही दाबताना गेल्या की आकाशात पट्टे उभे राहतात. होळी नेमकी पहाटेच पेटत असल्याने हा दोष आपल्या वाट्याला नक्की येणार.

तिसरी गोष्ट लाल रंगाची. डोळा उजेडाचे बारकावे टिपतो, रंगाचे तितके टिपत नाही. ह्याचा फायदा घेऊन रंगाची नोंद आडवी निम्मी व उभी निम्मी ठेवतात. एचडी चित्रात उजेडाचे ठिपके १९२० गुणिले १०८० असले तरी रंगाचे केवळ ९६० गुणिले ५४० असतात. एरवी हे ध्यानात येत नाही, परंतु गर्द लाल रंगाच्या कडेला येते. ह्याची परीक्षा घेण्यास नंदुरबारच्या मिरची पथारीसारखी जागा नाही. हिवाळ्यात मैलोगणती जमीन लाल होते. तिचे चित्र पाहा : प्रत्येक मिरची सुटी दिसावयास हवी, पण कडा लालाने ओघळलेल्या दिसतात. हा दोष रेकॉर्डरचा नव्हे, पद्धतीचाच आहे. तो ओळखता आला म्हणजे निष्कारण पेटी बदलण्याचा खर्च वाचतो.

चित्र थांबवून पाहण्याची सवय मात्र सोडावी असे मला वाटते. रिमोटवर बोट ठेवून “हे बघा, फुटलं” म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडची एचडी प्रक्षेपणे सामान्यतः एकाआड एक ओळींची असतात : आधी विषम ओळी, मग सम. थांबविले की कधी अर्ध्याच ओळींचे चित्र मिळते, कधी हलत्या हाताला कंगव्याचे दाते फुटतात. चालत्या चित्रात हे डोळ्याला जाणवत नाही. पाहावयाचे ते चालत्या चित्रात, आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरचे आजोबा शेतीविषयक कार्यक्रमात काही मिनिटे दिसले होते. पपईच्या बागेत उभे राहून ते बोलले. त्यांच्या नातवाने ते एचडी पेटीत जपून ठेवले होते. पुढे आजोबा वारले. पुढच्या पावसाळ्यात पेटी बिघडली, माणूस येऊन दुसरी बसवून गेला, आणि जुनी घेऊन गेला. अशा पेट्यांतले रेकॉर्डिंग कुलूपबंद असते. ते त्याच पेटीवर चालते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी उघडत नाही. त्याच कार्यक्रमाची दुसरी प्रत आमच्या घरी फ्री डिशच्या पेन ड्राइव्हवर निघाली. ती साध्या दर्जाची आहे, वारा आला की मागच्या पपईच्या पानांत डबे पडतात. पण कोणत्याही संगणकावर चालते. तिच्या प्रती आता त्यांच्या तिन्ही मुलांकडे आहेत. बीटी ५०० च्या पायऱ्यांवर ती ‘बरे’ आणि ‘निकृष्ट’ ह्यांच्या मध्ये कोठेतरी बसेल. त्यांच्या घरी अजून कोणी तिला पायरी विचारलेली नाही.

असो. विभागाच्या कामापुरते बोलावयाचे तर सगळेच सर्वोच्च दर्जाने ठेवावे असे मी म्हणणार नाही. २४ मेगाबिटांनी एका तासाला १०.८ गिगाबाइट लागतात. ६ मेगाबिटांनी २.७. मुलाखती, कथा, गाणी म्हणणाऱ्या बायकांचे बसून केलेले गायन ह्यांना ६ मेगाबिट पुरतात. तेथे पैसा चित्रापेक्षा ध्वनीवर आणि चांगल्या माइकवर खर्च करावा. नाच, मिरवणूक, हातांची कामे, आणि जेथे पाणी, धूळ, धूर किंवा पिसे आहेत ते सारे कॅमेऱ्यातून निघेल तसेच, न दाबता ठेवावे. रात्री आठपासून सकाळी सातपर्यंतची काठीची होळी सलग घेतली तर सुमारे ११९ गिगाबाइट होतात. दोन निरनिराळ्या डिस्कवर, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावयाचे म्हणून दुप्पट धरा. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने आखलेला असेल तर एक फाइल चार गिगाबाइटांपलीकडे जात नाही. रेकॉर्डर मग तुकडे पाडतो किंवा गुपचूप थांबतो, हेही आधी तपासून घ्यावे. ८ मेगाबिटांनी ही मर्यादा सुमारे सत्तर मिनिटांत येते, आणि होळी सत्तर मिनिटांत उरकत नाही.

डिस्कच्या खर्चाचा अर्ज मी विभागात दिला आहे. होळीला अजून अवकाश आहे. तोवर ज्यांना वरील आठ तुकडे स्वतः पाहून मत द्यावयाचे असेल त्यांच्यासाठी ते विभागाच्या संगणकावर ठेवले आहेत. कोणता तुकडा किती मेगाबिटांचा, हे फाइलच्या नावात लिहिलेले नाही.